न झालेल्या परीक्षेचे गुण

संजीवनी भोईर आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या तेव्हा शाळेत एकही मूल नव्हतं. २०२०चा मे महिना संपत होता आणि आधीचे मुख्याध्यापक दिनानाथ सबनीस सर त्या दिवशी निवृत्त होत होते. एरवी हार, नारळ, भाषणं, मुलींचं निरोपगीत असं सगळं झालं असतं. झालं ते एवढंच, की सरांनी किल्ल्यांचा जुडगा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पायरीवर ठेवला आणि मागे सरले. बाईंनी तो उचलला, पिशवीवर सॅनिटायझर मारला. मी तिथे होतो, कारण मी अंबरनाथ पूर्वेला शाळेजवळच राहतो आणि चालत येऊ शकेल असा शिक्षक मी एकटाच होतो. मी मराठी शिकवतो. सर म्हणाले, जूनमध्ये होईल सगळं सुरळीत. बाईंनी मान हलवली.

बाई मूळच्या बदलापूरजवळच्या चामटोली गावच्या. वडील आण्णा भात लावायचे आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीही करायचे. त्या पगारावर मुलगी बी.एस्सी., बी.एड. झाली. लग्नानंतर त्या बदलापूरला आल्या. नवरा जितेश एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत सुपरवायझर. आमच्या शाळेत त्यांनी वीसेक वर्षं गणित शिकवलं. मुलं त्यांना घाबरायची असं नाही, पण त्यांच्यापुढे मुलांचा आवाज आपोआप खाली यायचा. एकदा विनीत नावाच्या मुलाने तपासलेला पेपर हातात पडल्यावर उभं राहून सांगितलं, की बाई, बेरीज चुकलीय, मला दोन गुण जास्त आलेत. बाईंनी बेरीज तपासली, दोन गुण कमी केले आणि त्याला बसायला सांगितलं. स्टाफरूममध्ये आम्ही म्हटलं, त्याच्या प्रामाणिकपणाचे तरी राहू द्यायचे होते. त्या म्हणाल्या, पेपर गणिताचा होता. यात आपण काही विशेष केलं असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या स्वभावातूनच झालं.

त्या वर्षी शाळा त्यांनी बदलापूरच्या घरातल्या ओट्याजवळ बसून चालवली. शाळेच्या इमारतीचा खालचा मजला काही महिने विलगीकरणासाठी घेतलेला होता. आम्हा शिक्षकांपैकी काही जण घरोघर ताप मोजत फिरत होते, काही नाक्यावर पोलिसांबरोबर उभे होते. उरलेल्यांनी वर्गवार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केले. पहिल्या आठवड्यातच कळलं, की दहावीच्या जवळपास निम्म्या मुलांच्या घरी फोन एकच आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. काही कुटुंबं साताऱ्याकडे, कोकणात निघून गेली होती. बाई रोज फोन करत. मुलगा कुठे आहे, जेवण होतं का, फोन किती वाजता मोकळा असतो, एवढंच विचारायच्या. ज्या घरात संध्याकाळी फोन मोकळा होई, त्या मुलांसाठी त्या संध्याकाळी पुन्हा तोच तास घेत. त्यांचा स्वतःचा मुलगा अनीशही त्याच वर्षी दहावीला होता, बदलापूरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. तो आतल्या खोलीत लॅपटॉपवर शिकत असे. बाई म्हणायच्या, आमच्या घरात दोन शाळा आहेत आणि दोन्हीकडे मुलं कॅमेरा बंद करून बसलेली आहेत.

आमच्या दहावीत राजसी गायकर नावाची मुलगी होती. वडील ती लहान असतानाच वारले होते. आई नेत्रा उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काम करायची. राजसी पाचवीपासून आमच्याकडे, आणि गणितात तिच्यासारखी मुलगी शाळेत कित्येक वर्षांत आलेली नव्हती. हे माझं मत नाही, संजीवनीबाईंचं आहे, आणि त्या अशी मतं सहसा बोलून दाखवत नसत. फक्त नववीत पहिल्या सत्राच्या परीक्षेत राजसीला टायफॉइड झाला होता. अर्धे पेपर तिने तापात दिले. दुसऱ्या सत्रात भरून काढेल असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या सत्राची परीक्षा झालीच नाही, मार्चमध्ये शाळा बंद झाल्या.

२०२१च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली. नंतर सूत्र ठरून आलं. निम्मे गुण नववीच्या निकालावरून, बाकीचे दहावीच्या वर्षात शाळेने घेतलेल्या चाचण्या, तोंडी आणि गृहपाठावरून. प्रत्येक शाळेने मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली निकाल समिती नेमायची. ज्यांच्या चाचण्या झाल्या नाहीत त्यांच्या आता घ्यायच्या. आजवर बोर्ड ज्या मुलांना तपासायचं त्यांना आता आम्ही तपासणार होतो, आणि तेही त्यांचं तोंड न पाहता. अकरावीच्या प्रवेशासाठी मात्र ऑगस्टमध्ये एक सीईटी होणार होती, आणि प्रवेश त्या गुणांवर आधी मिळणार होते.

जूनमध्ये आम्ही फोनवर चाचण्या घेतल्या. मुलांनी घरी लिहायचं, फोटो काढून पाठवायचे. त्या दिवसांत नेत्राला कोविड झाला म्हणून राजसी आणि तिची लहान बहीण ऋता चामटोलीला मामाकडे होत्या. चामटोलीत नेटवर्क कुठल्या घराच्या मागे मिळतं आणि कुठे मिळत नाही हे शाळेत बाईंइतकं कुणालाच माहीत नव्हतं, ते त्यांचं माहेर. गणिताच्या चाचणीचं राजसीचं पहिलं पान पोचलं. बाकीची पानं दुसऱ्या दिवशी सकाळी आली, वेळ संपल्यावर. विज्ञानाचंही तसंच झालं.

समितीची बैठक शाळेतच झाली, खिडक्या उघड्या, प्रत्येक बाकावर एक जण. मीही समितीत होतो. विज्ञानाचे प्रीतम सर पहिल्यापासून स्पष्ट बोलत होते. त्यांचं म्हणणं, की अंतर्गत गुण आपल्या हातात आहेत, ते सगळ्यांना पुरेपूर द्यावेत. आजूबाजूच्या शाळा तेच करणार आहेत. आपण कंजुषी केली तर मुलं मागे पडतील, आपलं काहीच जाणार नाही.

बाईंनी विचारलं, "ज्याने काहीच पाठवलं नाही त्यालाही पुरेपूर?"

"त्यालाही. त्याच्याकडे फोन नव्हता, ही त्याची चूक आहे का?"

"नाही. पण मग आपण गुण कशाचे देतोय?"

प्रीतम सर म्हणाले, "मॅडम, या वर्षाचे."

मग राजसीचं नाव निघालं. सूत्राप्रमाणे तिचे एकाहत्तर टक्के होत होते. उशिरा आलेली पानं धरली असती तर टक्केवारी पंच्याहत्तरच्या वर गेली असती. बाईंनी ती पानं पाहिली होती, सगळं बरोबर होतं. पण त्या म्हणाल्या, रात्रभरात आलेलं उत्तर एकीचं धरलं तर सगळ्यांचं धरावं लागेल, आणि बाकीच्यांनी ती उत्तरं कुठून आणली हे आपल्याला माहीत आहे. वेळेत जे पोचलं तेच तपासायचं. राजसी सीईटीत आपली जागा दाखवेल. त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता. ज्या पद्धतीने त्या फळ्यावर गणित सोडवत त्याच पद्धतीने त्या एकेक पायरी मांडत गेल्या आणि शेवटी उत्तर तेच येत होतं. आम्ही सह्या केल्या. प्रीतम सरांनीही केली.

जुलैत निकाल लागला. वेबसाइट बंद पडली, संध्याकाळपर्यंत आकडे फोनवर फिरू लागले. आमच्या शाळेत सगळे पास झाले, पहिला आलेला मुलगा अठ्ठ्याऐंशीवर होता. शेजारच्या एका शाळेत नव्वदच्या वर इतकी मुलं होती, की फ्लेक्सवर फोटो मावले नाहीत. अनीशला चौऱ्याण्णव टक्के पडले.

त्या दिवशी त्यांच्या घरी काय झालं ते बाईंनी मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं, तेही सहज, एक फाईल शोधता शोधता. जितेशने पेढे आणले. शेजारी येऊन गेले. सगळे गेल्यावर बाई जितेशला म्हणाल्या, की अनीशच्या दोन सराव परीक्षा मी स्वतः तपासल्यात, तो ऐंशीच्या आसपासचा मुलगा आहे. जितेशने विचारलं, मग आता काय करायचं, शाळेत जाऊन परत देऊन यायचे का? त्याला चिडवायचं नव्हतं, तो खरंच विचारत होता. अनीश दारात उभा राहून ऐकत होता. त्याने पेढा खाल्ला नाही, एवढं त्यांना आठवत होतं.

तोवर बाईंनी राजसीची सीईटीची तयारी सुरू केलेली होती. नेत्रा बरी होऊन कामावर जाऊ लागली होती, मुली परत अंबरनाथला आल्या होत्या. बाई रोज दुपारी तासभर फोनवर राजसीला शिकवायच्या. कधी अनीशही शेजारी येऊन बसायचा. बाई म्हणायच्या, एकदा प्रमेय समजलं की ती पुढची पायरी माझ्या आधी सांगते. त्या महिन्यात त्यांच्या बोलण्यात मी जो उत्साह ऐकला तो नंतर ऐकला नाही.

ऑगस्टमध्ये कोर्टाने सीईटी रद्द केली. अकरावीचे प्रवेश दहावीच्या गुणांवरच होणार असं ठरलं. त्या दिवशी मी शाळेत होतो. बाईंनी बातमी फोनवर वाचली, फोन पालथा ठेवला आणि टेबलावरचं काम पुढे चालू केलं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की त्या एकाच कागदाकडे बराच वेळ पाहताहेत.

कट ऑफ चढले. राजसीला ज्या कॉलेजात सायन्स हवं होतं तिथे नव्वदच्या खालचं कुणी पहिल्या यादीत आलं नाही. त्याच कॉलेजात अनीशला प्रवेश मिळाला.

नेत्रा शाळेत आली ती एका शनिवारी, कारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन. राजसी बरोबर होती, पण ती व्हरांड्यातच थांबली. बाईंनी मला बसायला सांगितलं. नेत्रा भांडायला आली नव्हती. तिने खुर्चीही पुढे ओढली नाही.

"मॅडम, एकच विचारायचंय. तुम्ही तिला पाचवीपासून बघितलंय. तुम्हाला ती एकाहत्तरची वाटते?"

बाई म्हणाल्या, "नाही."

"मग लिहिले का?"

"नियमाने तेवढेच येत होते."

नेत्राने थोडा विचार केला. मग म्हणाली, "आमच्या सेठकडे माल चेक होतो ना, तेव्हा खराब पीस बाजूला काढतात. पण आधी बघतात, धागा खराब होता की मशीन. तुम्ही तेवढं तरी बघायचं होतं."

बाईंनी सांगितलं, की अजून फेऱ्या आहेत, काही कॉलेजांत सायन्सच्या जागा शिल्लक राहतील, शहाडच्या बाजूला एक नवीन कॉलेज आहे, मी स्वतः येते तुमच्याबरोबर. दोन वर्षं गणित मी शिकवीन. हे त्या मनापासून बोलत होत्या. नेत्राने व्हरांड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तिलाच विचारा. राजसी आत आली. बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. ती ऐकत राहिली. मास्कमुळे तिचा चेहरा कळत नव्हता. शेवटी म्हणाली, "नको बाई. मी कॉमर्सचा फॉर्म भरलाय, उल्हासनगरला. आईच्या कामाच्या जवळ पडेल." मग तिने वाकून नमस्कार केला आणि दोघी गेल्या.

नमस्कार केला नसता तर बरं झालं असतं, असं बाई नंतर म्हणाल्या.

ऑक्टोबरमध्ये शाळा उघडली. मुलं आली, पण ती मार्च २०२०ची मुलं नव्हती. दहावीच्या मुलांना तीन तास लिहिणं जमेना. मनगटं दुखायची, अर्ध्या पानानंतर अक्षर वाकडं व्हायचं. बाईंनी रोज पहिला तास नुसत्या लिखाणाला दिला, कुठल्याही विषयाचं काहीही लिहा, पण थांबू नका. सातवीतल्या मुलांची सगळी सहावी घरीच गेलेली. त्यांना शाळेचा वरचा मजला माहीत नव्हता, भागाकार येत नव्हता, आणि बाकावर शेजारी कुणी बसलं की ती अवघडून दूर सरकायची. एक मुलगी हजेरीला बोलायचीच नाही, हात वर करायची, फोनवर बटण दाबायची सवय होती म्हणून. वरून पत्रकं येत होती, माहिती मागवली जात होती, कुठली कृतिपत्रिका किती मुलांनी सोडवली वगैरे. बाई सगळं वेळेवर पाठवायच्या. त्या वर्षी बोर्डाची परीक्षा आपापल्या शाळेत झाली, वेळही वाढवून मिळाला. आमचा निकाल ठीक लागला.

आणि जूनमध्ये त्यांनी मुख्याध्यापकपद सोडलं.

तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. संस्थेत कुरबुर होती, इतर शाळांचे निकाल दाखवले जायचे, पण कामात कुणी बोट ठेवू शकत नव्हतं. त्यांनी लेखी कळवलं, की हे पद नको, मला पूर्णवेळ वर्गावर घ्यावं. सेवाज्येष्ठतेने पुढचे प्रीतम सर होते. ते स्वतः त्यांना समजवायला गेले. प्रीतम सरांनीच मला सांगितलं, की बाई त्यांना म्हणाल्या, "त्या बैठकीत तुमचं बरोबर होतं असं मला अजूनही वाटत नाही. पण माझं बरोबर होतं असंही वाटत नाही. आणि त्या खुर्चीवर बसून दोन्ही वाटून चालत नाही." सरांनी विषय वाढवला नाही. पद घेतलं आणि आजपर्यंत चांगलं सांभाळलं. पुरेपूर गुण देणारा माणूस म्हणून मी त्यांना थोडं हलकं धरत होतो. ते तसे नाहीत, हे त्यांच्याबरोबर काम करताना कळलं.

बाईंनी आठवी मागून घेतली. सुरुवातीला त्या आठवीचं पुस्तक उघडतच नसत. पाढे, हातचे, भागाकार. मोठी मुलं लाजायची, म्हणून दार लोटून घ्यायच्या. दिवाळीपर्यंत त्यांनी वर्ग पाचवीपासून सातवीपर्यंत आणला आणि उरलेल्या महिन्यांत आठवी उरकली. सगळ्यांना जमलं असं नाही. काही मुलं मध्येच गेली, एक शहाडला गॅरेजमध्ये लागला, एका मुलीचं लग्न झालं. बाई त्यांच्या घरी जाऊन आल्या. एकही परत आलं नाही.

अनीशची अकरावी निम्मी घरीच गेली. बारावीत गणितात तो अडकला, एक वर्ष थांबला, मग आयटीची पदवी करायला लागला. बाई त्याबद्दल सांगताना त्याला दोषही देत नाहीत आणि कॉलेजलाही नाही. तो चौऱ्याण्णवचा आकडा घरात कुणी काढत नाही म्हणतात.

गेल्या जूनमध्ये राजसी शाळेत आली. ऋताचा दाखला न्यायचा होता. ऋता पाचवी पास झाली होती आणि नेत्राने तिला उल्हासनगरच्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलं होतं. राजसी आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सकाळी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका सिंधी व्यापाऱ्याच्या ऑफिसात जीएसटीचं काम बघते. सेठ तिच्यावर खूश आहे, टॅलीत तिचा हात कुणी धरू शकत नाही, असं ती हसत म्हणाली. दाखला तयार होईपर्यंत ती स्टाफरूममध्ये बसली. बाईंचा तास संपला, त्या आत आल्या. मी उठायला लागलो, तर बाईंनीच बसा म्हटलं.

चहा आला. कॉलेज, आईची तब्येत, असं बोलणं झालं. मग बाईंनी कप बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "राजसी, तुझे ते एकाहत्तर खरे नव्हते. मला तेव्हाही माहीत होतं."

राजसीने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "बाई, खरं सांगू? ते कोणी बघतच नाही. नोकरीला गेले तेव्हा सेठने मार्कशीट हातात घेतली, साल बघितलं आणि म्हणाला, अच्छा, कोविडवाली बॅच. बाजूला ठेवली. माझ्या मैत्रिणीचे ब्याण्णव होते, तिलाही असंच झालं."

"तुला वाईट वाटलं?"

"पहिल्यांदा वाटलं. दोन वर्षं वाटत होतं. तुमचा फोन यायचा तेव्हा मी मुद्दाम उचलायचे नाही." तिने हे साधेपणाने सांगितलं. "मला सायन्सचं एवढं नाही वाटत आता. पण ते जुलैमधलं तुमचं शिकवणं होतं ना, ते मध्येच तुटलं. त्याचं वाटतं. ती परीक्षा मला द्यायची होती."

बाई म्हणाल्या, "मलाही तुझा पेपर बघायचा होता."

बरोबर आलेली ऋता दारात कंटाळून उभी होती. तिची पहिली-दुसरी फोनवर झालेली. बाईंनी तिला आत बोलावून एक भागाकार घातला. तिने केला, पण मधलं शून्य खाल्लं. बाईंनी राजसीला सांगितलं, शाळा कुठलीही असू दे, हिला शनिवारी माझ्याकडे पाठव. राजसी म्हणाली, आईला विचारते.

ऋता पावसाळाभर शनिवारी येत होती. दिवाळीनंतर नव्या शाळेचे क्लास शनिवारीच लागले, तेव्हा ती यायची थांबली. तोवर भागाकार बसला होता, असं बाईंनी मला सांगितलं, आणि त्या तासाला निघून गेल्या.